धूर कुठून येतो? : मगनचूल, निर्धूर आणि एअर फ्रायर

'स्वयंपाकघरातल्या धुराचा इतिहास' असा माझ्या प्रबंधाचा विषय आहे, हे कळल्यावर लोक दोन गोष्टी करतात. आधी हसतात. मग विचारतात, "बरं, मग सांग ना, आमच्या एअर फ्रायरमधून धूर का येतो?" मगनचुलीबद्दल मला अजून कुणी आपणहून विचारलेलं नाही. तेव्हा म्हटलं, एअर फ्रायरपासूनच सुरुवात करू आणि तिथून वर्ध्याला जाऊ. नागपूरहून पंचाहत्तरेक किलोमीटर तर आहे.

आधी उत्तर. एअर फ्रायरमध्ये तापणारी कॉइल वर असते, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली आणि टोपलीखाली भांडं. कातडीसकट कोंबडीची तंगडी, मटण, भरपूर तेल लावलेले कबाब ठेवले की चरबी वितळून खालच्या भांड्यात पडते. दोनशे अंशांची हवा तिच्यावरून फिरत राहते आणि ती चरबी जळायला लागते. पांढरा धूर दिसतो तो हाच. काही थेंब उडून वर कॉइलला चिकटतात. ते पुढच्या वेळी जळतात, म्हणून नुसते बटाटे ठेवले तरी धूर येतो आणि आपण उगाच बटाट्यांना दोष देतो. कोथिंबीर, मेथीची पानं, पापडाचे तुकडे, सुटा मसाला अशा हलक्या वस्तूही पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला जाऊन भिडतात.

उपाय सोपे आहेत. मशीन पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून, उलटं करून कॉइल ओल्या फडक्याने पुसायची. खालचं भांडं दर वेळी धुवायचं, 'उद्या धुऊ' नाही. चरबीचा पदार्थ असेल तर तापमान १८० च्या आसपास ठेवायचं. मशीनच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर खालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घालायचं, म्हणजे पडलेली चरबी तितकी तापत नाही. आणि तेल कुठलं लावता ते बघायचं. आपल्या विदर्भात जवसाचं तेल जुनं आणि लाडकं. पण घाण्याचं जवसतेल १०७ अंशांच्या आसपासच धूर सोडायला लागतं. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० पर्यंत तग धरतं. जवसाचं तेल चटणीवर घ्या, फ्रायरमध्ये नको. धूर काळा असेल आणि वायर जळल्यासारखा वास येत असेल, तर वरचं सगळं विसरा. बटण बंद, प्लग बाहेर, आणि मशीन दुरुस्तीला.

झालं. आता माझ्या कामाचं.

फिलिप्स कंपनीने एअर फ्रायर २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणला. पंख्याने गरम हवा फिरवून शिजवायची कल्पना त्याआधीची आहे. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात जेवण गरम करायला तशी भट्टी केली होती. पण मला या यंत्रात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यातून धूर आला की आपण लगेच म्हणतो, काहीतरी बिघडलं. धूर म्हणजे बिघाड. हा विचार आपल्या स्वयंपाकघरांत अगदी अलीकडचा आहे. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात धूर ही बिघाडाची खूण नव्हती, तो घरातच राहायचा. डोळे चुरचुरायचे, फुंकणीने फुंकून फुंकून छाती भरून यायची, पण "चूल बिघडली" असं कुणी म्हणत नव्हतं. फार तर "लाकडं ओली आहेत" म्हणायचे.

आणि धुराचे उपयोगही होते, हे विसरून चालत नाही. चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली असायची. धुराने त्यांना कीड लागत नसे. छपराच्या बांबूला आणि गवताला वाळवी लागत नसे. संध्याकाळी डास कमी व्हायचे. पुढे जेव्हा शहाणी माणसं धूर घराबाहेर काढायला गावात आली, तेव्हा हा धूर आधीपासून घरातली बरीच कामं करत होता.

त्या शहाण्या माणसांची एक मोठी वस्ती वर्ध्यात होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचं काम सुरू झालं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावावरून जागेचं नाव मगनवाडी पडलं. संघाचं काम बघायला होते जे. सी. कुमारप्पा, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून बसलेले गृहस्थ. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या असे प्रयोग तिथे चालत. रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा एक दिवाही तिथे तयार झाला, त्याचं नाव मगनदीप. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. ते आजही आहे. गेला नसाल तर जा. नागपूरकर सेवाग्रामला जातात आणि मगनवाडी टाळतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

याच जागेतून १९४७ च्या सुमारास मगनचूल पुढे आली. मातीचीच चूल, पण बंद. पुढे लाकडं घालायचं एक तोंड, वर एका ओळीत भांड्यांसाठी भोकं, आणि शेवटी भिंतीतून छपराबाहेर जाणारं धुराडं. आपल्या साध्या चुलीला शेजारी वैल असतोच. मगनचुलीने तीच कल्पना पुढे नेली. आच पहिल्या गंजाखालून दुसऱ्याखाली जाते, आणि उरलेला धूर धुराड्यातून वर. कागदावर फार सुंदर.

ही चूल चालते कशी, हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. धुराडं तापलं की त्यातली हवा हलकी होऊन वर जाते आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. ही ओढ हवी तेवढीच हवी. कमी पडली तर धूर परत तोंडातून स्वयंपाकघरात. जास्त झाली तर धुराबरोबर उष्णताही धुराड्यातून निघून जाते, लाकूड भराभर जळतं आणि वरण मात्र शिजत नाही. म्हणून धुराड्यापाशी झडप दिलेली असायची. म्हणजे बाईने भाकरी थापता थापता झडप कमी-जास्त करायची. शिवाय सगळ्या भोकांवर भांडी हवीत. एक भोक उघडं राहिलं की धूर तिथूनच बाहेर. आता मला सांगा, सकाळी नुसता चहा करायचा असेल तर बाकीच्या भोकांवर काय ठेवायचं?

आणि जळण काय? आपल्याकडे पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या. कपाशीची लांब, वाकडीतिकडी पऱ्हाटी त्या अरुंद तोंडात जात नाही. मग बाई काय करते? उलथण्याने तोंड खरवडून मोठं करते. लाकूड आत जातं, ओढ बिघडते, धूर परत घरात. इंजिनिअर लोक याला 'चुकीचा वापर' म्हणायचे. माझ्या मते ही चुलीची दुरुस्ती होती, फक्त ती करणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं की तुझ्याकडे जळण कुठलं आहे.

मगनवाडीच्या थोडं नंतर हैदराबादला एस. पी. राजू यांनी तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत अशीच धुराड्याची चूल केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. स्वच्छ स्वयंपाकघर, बाईचे डोळे, बाईची तब्येत हा राजूंच्या विचाराचा गाभा होता. पुढच्या काळात मात्र सूर बदलत गेला. सत्तरच्या दशकात जगभर तेलाचे भाव भडकले, जंगलतोडीची काळजी वाढली, आणि सुधारित चुलीचं मुख्य काम लाकूड वाचवणं झालं. चूल तीच, पण कारण बदललं. बाईच्या डोळ्यांवरून नजर झाडांवर गेली. हा बदल मला माझ्या विषयातला सगळ्यात मोठा वळणबिंदू वाटतो.

डोळ्यांकडे, खरं तर फुप्फुसांकडे, नजर परत आणली ती मोजमापाने. १९८१ मध्ये कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातमधल्या खेड्यांत गेले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवा मोजण्याची उपकरणं लावली. स्वयंपाकाच्या वेळी बाई ज्या हवेत श्वास घेत होती, तिच्या एका घनमीटरमध्ये सरासरी जवळपास ७ मिलीग्रॅम कण निघाले. त्यांचा लेख १९८३ मध्ये आला. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्यांची चिमणी आणि मोटारी. घरातली चूल त्या यादीत नव्हती. मजा म्हणजे आपल्या नागपुरातच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था १९५८ पासून उभी होती. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती 'नीरी' झाली.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जवळपास दोन दशकं चालला, साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याचा हिशेब झाला, आणि २००२ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. हिशेब 'बसवलेल्या' चुलींचा होता. कार्यक्रमाची कागदपत्रं वाचताना हा शब्द माझ्या डोळ्यात सारखा खुपतो. अनुदान चूल बसवायला, उद्दिष्ट चूल बसवण्याचं, अहवाल बसवल्याचा. धुराड्याच्या सिमेंटच्या नळीत काजळी साचते, ती ठरावीक काळाने वरून झाडावी लागते, नाहीतर नळी चोंदते. ती झाडायची कुणी? छपरावर चढायचं कुणी? आमच्याकडे बाईमाणूस छपरावर चढत नाही, आणि घरच्या पुरुषाला धूर लागत नाही. ओडिशात पुढे एक मोठा अभ्यास झाला, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा. सुधारित चुली मिळालेल्या घरांत पहिल्या वर्षी बायांना लागणारा धूर खरोखर कमी झाला, आणि नंतर तो फायदा विरून गेला, कारण चुलींची देखभाल झाली नाही आणि वापरही कमी होत गेला.

सगळंच फसलं असंही नाही. पुण्यात आनंद कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव, यांनी 'आरती' ही संस्था काढली. तिथे चुलींचं काम बरीच वर्षं चाललं. त्यांच्या 'लक्ष्मी' नावाच्या चुली महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ मध्ये त्यांना अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या मंडळींचं वेगळेपण मला असं वाटतं की त्यांनी चुलीइतकाच जळणाचा विचार केला. पाचट शेतात तसंच जाळलं जातं, मग तेच घरात नीट का जाळू नये? नागपूरच्या नीरीनेही पुढे एक धातूची, वेगवेगळ्या जळणावर चालणारी चूल केली. नाव ठेवलं 'निर्धूर'. मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मग १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली आणि चुली सुधारण्याची गोष्ट जवळजवळ थांबली. आता चूलच बदलायची. आठ कोटीवं कनेक्शन सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादच्या कार्यक्रमात दिलं गेलं. गॅसने धूर खरोखर जातो, त्यात वाद नाही, आणि सुधारित चुलींपेक्षा तो कितीतरी चांगला आहे. पण मोजला पुन्हा आकडा दिलेल्या कनेक्शनचा. सिलिंडर संपल्यावर दुसरा भरायचे पैसे नसतील तर आवारातली पऱ्हाटी फुकट असते. म्हणून कित्येक घरांत गॅसवर चहा आणि भाजी, बाहेर चुलीवर अंघोळीचं पाणी आणि भाकरी, असं दोन्ही एकत्र चालू आहे. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण अजून जुनी झालेली नाही.

आणि एअर फ्रायर? त्याची तक्रार करणारे सगळे मला तंत्र विचारतात: किती अंश, कुठलं तेल. खालचं भांडं आणि कॉइल रोज कोण पुसतं, हे मी उलट विचारते. उत्तर देताना बरेचदा नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. मगनचुलीच्या धुराड्याबद्दल हाच प्रश्न जुन्या कागदांत शोधतेय. चूल कशी बांधावी यावर पानंच्या पानं आहेत, काजळी कुणी काढावी यावर एखादी ओळ सापडली तरी मी वहीत लाल शाईने लिहून ठेवते.

पुढच्या वेळी रॉकेलचा स्टोव्ह: वात, पंप आणि पिन. कुणाकडे जुना पितळी स्टोव्ह असेल तर फोटो नक्की पाठवा.