दरबारातला अर्ज ते आमदाराला पत्र

आम्ही मंगळवार पेठेतल्या बचतगटाच्या बायका. आजचं बोलणं आमदाराला लिहायच्या पत्राचं.

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी गाऱ्हाण्याचा अर्ज दरबारात जायचा. 1952 च्या निवडणुकीपासून तो आपण निवडलेल्या आमदाराकडे जाऊ लागला.

बायकांना मताचा हक्क आयता मिळाला नाही. 1917 साली सरोजिनी नायडूंसह बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूसाहेबांना भेटलं आणि मत मागितलं. 1919 च्या कायद्यानं निर्णय प्रांतांवर सोडला. 1921 मध्ये मुंबई कायदेमंडळानं होकार दिला, पण मालमत्तेची अट घालून. गरीब बाईला मत दिलं ते राज्यघटनेनं.

कागदाची ताकद आपल्या जिल्ह्यानं पाहिलीय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 ला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. 17 मे ला राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं परिपत्रक काढलं.

मग आपण का थांबायचं? घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मराठीतून मांडता येतं. एका पत्रात एकच मागणी लिहा. गाव, तारीख, सगळ्यांची नावं आणि सह्या घाला. अधिवेशनाआधी पाठवा, म्हणजे आमदारांना सभागृहात प्रश्न मांडता येईल. एक प्रत गटाच्या दप्तरात ठेवा, पोस्टाची पावती जपा. उत्तर नाही आलं, तर त्याच पावतीचा दाखला देऊन पुन्हा लिहा.