विश्वासरावांची गोळी आणि विठ्ठलवाडीचं स्टेशन

जानेवारीत आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होतो. शाळा उर्दू माध्यमाची. मी तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. फळ्यावर लिहिलं : ‘पानिपत होणे – पूर्ण पराभव होणे’. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, पानिपत में हम जीते थे या हारे?”

कोणी हसलं नाही. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. अडचण त्या ‘हम’ची होती. मोबाइलवर, गल्लीत, कुठेतरी त्याच्या कानावर आलं असणार की त्या लढाईत दोनच बाजू होत्या आणि त्यातली एक त्याच्या नावावर आधीच लिहून ठेवलेली आहे. मी म्हटलं, “उद्या सांगतो.” शिक्षकाला अशी सवलत असते.

घरी येताना डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा आठवली. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती, हे अनेकांना माहीत असेल. पानिपताची कथा नंतरची. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. माझी भाची सीबीएसईत शिकते, तिचं पुस्तक मागून घेऊन मी ती पुन्हा वाचली.

कथा थोडक्यात अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात एका ट्रकच्या धडकेनंतर वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकलेले आहेत. कारण एवढंच की अठरा वर्षांच्या विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निसटून गेली. पुढे दिल्लीचा बादशहा नावापुरता उरला, इंग्रज मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणी अडकून पडले आणि देश आपल्या चालीने लोकशाहीपर्यंत आला.

असं झालं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाचणाऱ्याला वाटतंच. मलाही वाटलं. पण मी विठ्ठलवाडीचा माणूस, त्यामुळे माझं लक्ष गंगाधरपंतांच्या गाडीकडे गेलं. ते पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. लोणावळा होतं, घाट होतो, कर्जतला गाडी क्षणभर थांबते आणि मग कल्याण न थांबता धडधडत मागे टाकते. कर्जत आणि कल्याणच्या मध्ये कल्याणच्या अगदी अलीकडचं स्टेशन म्हणजे आमची विठ्ठलवाडी. म्हणजे ती गाडी आमच्या दारावरूनच गेली! कल्याणच्या पुढे ‘सरहद्द’ नावाचं स्टेशन लागतं. तिथे परवाने तपासतात, कारण तिथून इंग्रजांचा मुलूख सुरू होतो. तेव्हा त्या जगात विठ्ठलवाडी मराठ्यांच्या राज्यात, आणि सकाळी मुंबईला कामाला जाणारी आमची निम्मी वस्ती रोज खिशात परवाना घेऊन!

पण त्या जगात ही वस्ती तरी असती का? आमच्या स्टेशनच्या पुढचं स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास माणसांना त्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं ‘उल्हासनगर’ झालं. आजही रिक्षावाल्याला ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगावं लागतं. गंगाधरपंतांच्या गाडीत एक खानसाहेब भेटतात. ते मुंबईहून फ्रंटियर मेल पकडून दिल्ली, लाहोर करत परवा पेशावरला पोचणार असतात. म्हणजे त्या जगात फाळणी नाही. फाळणी नाही म्हणजे उल्हासनगर नाही.

मी लहान असताना कॅम्पातले एक सिंधी कापडवाले अब्बांकडून उर्दू पेपर मागून घेत. त्यांचं शिक्षण सक्करला सिंधीत, अरबी लिपीत झालेलं. सिंधीची बावन्न अक्षरं आणि आमची उर्दूची अक्षरं सगळी जुळत नाहीत, पण चाचाजी अडखळत का होईना मथळे वाचायचे. देवनागरीत लिहिलेली सिंधी मात्र त्यांना परकी वाटे. गोळी चुकली असती तर चाचाजी सक्करलाच सुखात दुकान चालवत असते. त्यांच्यासाठी मला तेच हवं आहे. पण मग अब्बांच्या ओट्यावर बसून चहा पिणारे ते चाचाजी मला भेटले नसते.

नारळीकरांनी हा हिशोब कथेतच मांडून ठेवला आहे, आपण तो घाईत वाचतो. मुंबईत पोचल्यावर गंगाधरपंत मुलाला शोधायला फोर्ब्सच्या कचेरीत जातात. तिथली बाई याद्या चाळते आणि सांगते की विनय गायतोंडे नावाचं इथे कोणी नाही. बापाच्या मनात येतं, या जगात तो कदाचित जन्मलाच नसेल. पानिपत जिंकलं, पण मुलगा यादीत नाही. भूतकाळातली एक गोष्ट निवडून बदलता येत नाही. तिला बांधलेलं सगळंच हलतं, आणि त्यात आपलं घरही असतं. आज जुन्या लढायांचा हिशोब चुकता करायला निघालेल्या मंडळींनी ही कथा त्या कचेरीपर्यंत तरी वाचावी.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले. मराठ्यांच्या रकान्यात सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, आणि तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी. हा फ्रेंच बुसीच्या हाताखाली तयार झालेला, आधी निजामाकडे, नंतर भाऊंकडे. समोर रोहिले असताना त्याचे गारदी शेवटपर्यंत लढले. तो पकडला गेला आणि अब्दालीने त्याला जिवंत ठेवलं नाही. त्याच रकान्यात बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर. तो जखमी होऊन भरतपूरला वारला. अब्दालीच्या रकान्यात नजीबखान, शुजाउद्दौला, आणि शुजाच्या फौजेतला गोसावी सरदार अनूपगीर. शुजाच्याच पदरी काशीराज पंडित, दक्षिणी ब्राह्मण. त्याने ही लढाई पाहिली आणि तिचा वृत्तांत फारसीत लिहिला.

“आता ‘हम’ कुठे लिहू?” मी विचारलं.

मुलं रकाने बघत राहिली. एक म्हणाला, “सर, इब्राहिमखान के साथ.” दुसरा म्हणाला, “वो तो मर गया.” तिसऱ्या बाकावरचा काहीच बोलला नाही. इब्राहिमखान मराठ्यांकडून लढला म्हणून आपल्याला इथे राहायचा हक्क आहे, असं मला शिकवायचं नव्हतं. तो अब्दालीकडून लढला असता तरी हा मुलगा विठ्ठलवाडीचाच राहिला असता. एवढं मी सांगितलं आणि फळा पुसला.

गृहपाठ होता : वाक्यात उपयोग करा. तिसऱ्या बाकावरच्याने लिहिलं होतं, ‘गणिताच्या पेपरात माझे पानिपत झाले.’

मी लाल पेनने बरोबरची खूण केली.