भिंत नसलेला तुरुंग : आटपाडीच्या स्वतंत्रपूरची गोष्ट

आजची गोष्ट इतिहासातली आहे, पण ती मला सुचली आमच्या सोसायटीच्या गेटवर.

आमच्याकडे रात्रपाळीला एक वॉचमन काका होते. माणूस शांत. माझी पार्सलं सांभाळून ठेवायचे, उशिरा आलो तर ‘जेवलास का’ विचारायचे. एक दिवस कुणीतरी शोधून काढलं की काकांनी एका मारामारीच्या केसमध्ये सात वर्षं तुरुंगात काढली आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा पेटली आणि रविवारपर्यंत काकांची नोकरी गेली. ‘काढून टाका’ या मेसेजला जे अंगठे पडले, त्यात एक माझाही होता. जाताना काका मला एवढंच म्हणाले, “दादा, शिक्षा संपली म्हणून सोडलं मला. बाहेर आल्यापासून ही पाचवी नोकरी.”

तर आज आपण जाणार आहोत सांगली जिल्ह्यात, आटपाडीला. माणदेशातला हा दुष्काळी टापू. इथे १९३९ साली एक तुरुंग सुरू झाला, ज्याला भिंत नव्हती. नाव काय ठेवलं? स्वतंत्रपूर!

तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंध म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या ७२ गावांचं छोटंसं संस्थान. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, स्वतः चित्रं काढणारे. १९३९ साली या राजांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना आणली आणि कारभार लोकांच्या हाती दिला. या सगळ्यात पुढे होते त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. आणि त्यांच्या जोडीला होता एक अवलिया, मॉरिस फ्रिडमन. वॉर्साचा पोलिश ज्यू इंजिनिअर. बंगळूरला विजेच्या कारखान्यात कामाला आला, तिथून गांधीजींकडे ओढला गेला आणि भारतानंद हे नाव घेऊन भगव्या कपड्यांत औंधला पोहोचला. (निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून जगभर पोहोचवली, तेही यांनीच.)

फ्रिडमन यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचं, त्याच्यासाठी सगळे निर्णय दुसऱ्याने घ्यायचे, आणि मग एक दिवस दार उघडून म्हणायचं, जा, नीट वाग. कसा वागेल तो? त्यापेक्षा त्याला जमीन द्या, काम द्या, बायकोपोरांसोबत राहू द्या. राजांनी जागा दिली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे शेती करू लागले.

ही गोष्ट ओळखीची वाटतेय ना? बरोबर. व्ही. शांताराम यांचा ‘दो आंखें बारह हाथ’, १९५७ सालचा. लेखन ग. दि. माडगूळकरांचं, आणि गदिमा याच माणदेशातले. सिनेमात एक वॉर्डन सहा खुन्यांना उजाड माळरानावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात सिनेमाला पारितोषिक मिळालं.

पण इथे मला एक गंमत वाटते. सिनेमात त्या सहा जणांना धरून ठेवतात ते वॉर्डनचे डोळे. म्हणजे एक देवमाणूस हवाच. स्वतंत्रपूर मात्र आजही चालू आहे. राजे गेले, १९४८ साली संस्थान विलीन झालं, फ्रिडमन १९७६ साली मुंबईत वारले, अधिकारी तर किती आले नि गेले. तरी वसाहत उभी आहे. मग तिला धरून कोण ठेवतं?

तिथली पद्धत बघा. दुसऱ्या कारागृहात शिक्षेचा काही काळ नीट वागून काढलेल्या कैद्याची निवड होते. तो इथे येतो आणि कुटुंबासोबत राहतो. शेतात राबतो, पिकवलेला भाजीपाला बाजारात जातो. हजेरी द्यावी लागते, हद्द ओलांडायची नाही. पळाला तर पुन्हा चार भिंतींच्या आत. मात्र राहिला, तर संध्याकाळी स्वतःच्या चुलीवरची भाकरी. पळून जाऊन जे मिळवायचं, ते त्याला इथेच मिळालेलं असतं. माझ्या मते खरी मेख ही आहे.

बरं, हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९१३ साली ह्यूबर कायदा केला. छोट्या शिक्षेच्या कैद्याने दिवसा बाहेर कामाला जायचं, रात्री तुरुंगात परतायचं, कमाईतून घर चालवायचं. आज तिथे सुटकेच्या आधीचे शेवटचे काही महिने काढायला वेगळी घरं असतात, ‘हाफवे हाऊस’. त्यांपैकी अनेक ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचारही मिळतात आणि नोकरीही शोधून दिली जाते. आपल्याकडे १९५२ साली उत्तर प्रदेशात चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी लागली. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून खुली छावणी आहे, तिथले कैदी कुटुंबासोबत राहतात आणि सकाळी उठून गावात कामाला जातात. महाराष्ट्रात येरवडा, पैठण इथेही खुली कारागृहं आहेत.

आता खरं बोलायचं तर हा प्रयोग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आपल्या तुरुंगांत साधारण चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही. खुलं कारागृह त्यांच्यासाठी नसतंच. आणि ज्याच्या हातून जीव गेला, त्याच्या घरच्यांना ‘कैदी मजेत शेती करतोय’ हे ऐकून काय वाटत असेल? या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढं मात्र कळतं की तो माणूस आज ना उद्या बाहेर येणारच आहे. प्रश्न इतकाच, की येताना त्याच्या हातात काय असेल.

शेवटचं एक सांगतो. याच औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला. माळरान होतं, निवडुंग होते, साप होते. जागा दिली होती याच राजांनी. त्या किर्लोस्करवाडीत रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी कुणाला ठेवलं माहितीये? शिक्षा भोगून आलेल्या माणसांना. अख्खी वसाहत त्यांच्या भरवशावर झोपायची.

हे वाचलं तेव्हा मला काका आठवले. शंभर वर्षांपूर्वी माळरानावर जे जमलं, ते आमच्या सीसीटीव्हीवाल्या सोसायटीला जमलं नाही. मी काकांना फोन लावून पाहिला, नंबर बंद आहे. ग्रुपवरचा माझा तो अंगठा मात्र अजून तिथेच आहे.

तुमच्या गेटवर, दुकानात, ऑफिसात असं कुणी आलं तर एकदा स्वतंत्रपूर आठवा, आणि मगच अंगठा टाका. भेटू पुढच्या भागात.