मुक्त आणि फुकट : एका स्मरणिकेच्या निमित्ताने

१९९८ साली आमच्या तालुक्यात कार्यकर्त्यांचा एक मेळावा झाला. त्याची स्मरणिका मी संपादित केली होती. तालुक्यातल्या एकुलत्या एक डीटीपी केंद्रात ती जुळवली. पानाचा दर ठरलेला, पैसे वर्गणीचे. छापलेल्या ५०० प्रतींपैकी आज माझ्याजवळ एकही नाही. कुणी वाचायला नेली, कुणाच्या घरात गळतीखाली भिजली. मजकुराची फाइल मात्र मी फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर अशी जपत आणली होती. २०१६ साली एका विद्यार्थिनीला तीत आलेले आपल्या आजीचे मनोगत हवे होते. मी फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांचा नुसता चिखल. आजीचे शब्द त्यात होते, पण मराठी नव्हती.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. आपल्या कितीतरी संस्थांची दप्तरे याच चिखलात रुतलेली आहेत. त्या काळी फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांनी देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने बसवली होती. संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचाच मजकूर, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गळाला. वस्तुतः सर्वांना चालेल अशी व्यवस्था तेव्हाही होती. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९८८ साली तयार होती आणि तिच्याच आधारे १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी आली. परंतु डीटीपीचा धंदा पेजमेकरवर चालला होता, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत उमगले नाही. मजकूर आमचा, पैसे आमचे, किल्ली दुसऱ्याची.

त्यानंतर मी या किल्लीचा इतिहास वाचू लागलो. तो एका अडलेल्या कागदापासून सुरू होतो. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रामर काम करी. जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की खबर मिळावी, अशी दुरुस्ती तेथल्या लोकांनी त्याच्या प्रोग्रामात करून घेतली होती. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचे नवे यंत्र आले, पण त्याचा मूळ प्रोग्राम दिला गेला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाजवळ तो होता त्याने नकार दिला. गुप्तता पाळण्याचे वचन त्याने लिहून दिले होते. दोष त्या एका माणसाचा नव्हता, हे स्टॉलमनने ओळखले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९८९च्या जीपीएल परवान्याने तिला कायद्याचे हत्यार दिले. प्रोग्राम कुणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा. मात्र बदलून वाटणाऱ्याने पुढच्यालाही हेच हक्क दिले पाहिजेत. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडे अजून वाद चालतो. आपल्याकडे शब्द दोन आहेत, तरी गोंधळ तोच.

परवान्याची खरी कसोटी मला २०१०च्या घटनेत दिसते. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचा लेखन-हिशेबाचा प्रोग्राम सन कंपनीने १९९९ साली विकत घेतला आणि पुढच्या वर्षी ओपनऑफिस म्हणून खुला केला. २०१० साली सनच ओरॅकलने विकत घेतली. नव्या मालकाविषयी शंका आलेल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेगळी चूल मांडली. ओपनऑफिस हे नाव कंपनीकडे राहिले, पण प्रोग्रामाची ओळ न् ओळ ते उघडपणे घेऊन गेले, कारण परवान्याने तो त्यांचाच होता. हेच आजचे लिबरऑफिस. मालक बदलला म्हणून घर सोडावे लागणाऱ्यांनी भिंतीसुद्धा बरोबर नेल्या, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

मग मी स्वतः प्रयोग केला. वसतिगृहाला देणगीत मिळालेल्या चार जुन्या संगणकांवर लिनक्स आणि लिबरऑफिस बसवले. सारे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. छपाईयंत्र आठ दिवस बोलेना. नोकरीच्या जाहिरातींत दुसऱ्याच प्रोग्रामचे नाव होते, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, हे शिकून आम्हाला कोण घेणार?” त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्युनिक शहराने २००३ साली आपली कचेरी लिनक्सवर नेण्याचे ठरवले आणि २०१७ साली परत फिरण्याचा निर्णय घेतला. उलट केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली टिकली. तेथे यंत्रांबरोबर शिक्षकांनाही तयार केले गेले. आमच्याकडे शिक्षक मी एकटा, तोही मराठीचा.

मुलांनी आपला मार्ग आधीच काढला होता. त्यांच्याजवळ संगणक नव्हता, मोबाइल होता. २००६ साली गुगलने राइटली बनवणारी छोटी कंपनी घेतली तेव्हापासून एकाच मजकुरावर अनेकांनी बसण्याची ही फुकट सोय वाढत गेली. बोललेली मराठी अक्षरांत उतरवणारी साधनेही आली. हे फुकट आहे म्हणून मी तुच्छ लेखणार नाही. चार गावांत विखुरलेल्या आणि एसटीच्या पासावर शिकणाऱ्या मुलांना एका कागदाभोवती याआधी कुणी बसवले होते?

परंतु ढगालाही जमीन असते. तिच्यावर इमारत असते, विजेचे बिल असते आणि मालकही असतो. माझा एक सहकारी वारला. त्याचे २० वर्षांचे लेखन अशाच एका कंपनीच्या खात्यात होते. परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला, मोबाइल क्रमांक बंद पडून दुसऱ्या कुणाला मिळाला. त्याच्या पत्नीने अर्ज केले, उत्तरे यंत्राची आली. १९९८ची आमची फाइल निदान माझ्या खिशात तरी होती.

ती स्मरणिका आता सुटते आहे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे फुकट परिवर्तक मिळतात, पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकत आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. जागा बदलायची राहिली की वेलांटी शब्दापुढे लोंबकळत राहते. तीन मुली संध्याकाळी मोबाइलवर, ढगातल्याच कागदावर, या वेलांट्या जागेवर बसवतात. ‘व्हतं’चे ‘होतं’ करायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले आहे. दर रविवारी मी झालेली पाने उतरवून घेतो, लिबरऑफिसच्या खुल्या साच्यात पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि एक प्रत कागदावर छापतो. आजीचे मनोगत ६४व्या पानावर आहे. काम ५१पर्यंत आले आहे.