वालीच्या चितेतलं शेण

बेंगळुरूहून रात्री हंपी एक्स्प्रेसने निघालेले पर्यटक सकाळी होस्पेटला उतरतात आणि विठ्ठल मंदिर गाठतात. मंदिराजवळच निंबापूरला राखेचा एक ढिगारा आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. लोक त्याला वालीची चिता म्हणतात. मला तो मंदिराइतकाच पाहण्याजोगा वाटतो. मातीचं रसायन तपासून थरांची जन्मकथा लावण्याची विद्या दख्खनमध्ये अशाच ढिगाऱ्यांवर वाढली.

बळ्ळारी-रायचूरच्या मुलखात आणि आसपास असे शंभरावर ढिगारे आहेत. मद्रास पलटणीतल्या न्यूबोल्डने १८३६मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा चर्चा ज्वालामुखीची होती. काचेसारखं वितळलेलं कीट आणखी कुठून येणार? पुढे कुणी लोखंडाच्या भट्ट्या सुचवल्या, कुणी सामूहिक दहन. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र जळलेल्या शेणाकडे बोट दाखवलं.

पुरावा प्रयोगशाळेतून आला. लंडनच्या फ्रेडरिक झॉयनर यांनी १९६०मध्ये राखेचं विश्लेषण मांडलं, तेव्हा शेणाची बाजू पक्की झाली. गवतातली सिलिका गुरांच्या पोटातून तशीच शेणात उतरते. शेणाचा मोठा ढीग दीर्घकाळ धगधगला की पालाशामुळे ती कमी उष्णतेलाही वितळते आणि थिजून कीट बनते. आच मंद असेल तर नुसती मऊ राख उरते. म्हणजे एकेक थर त्या-त्या जाळाची नोंद आहे. शेणातला स्फुरद तर कॅल्शियमला, लोहाला असा चिकटतो की पावसाने सहसा वाहून जात नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस यांनी शेतजमिनी तपासताना याच गुणावरून जुन्या वस्त्या हुडकल्या होत्या. कुंपण कुजून गेलं तरी गुरं कुठे बसत, ते मातीत उरतं.

उतनूरच्या ढिगाऱ्यात पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांना १९५७मध्ये लाकडी कुंपणाच्या खांबांच्या खुणा आणि गुरांच्या खुरांचे ठसे सापडले होते. कुंपण जळलं, पुन्हा उभारलं, पुन्हा जळलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मजुमदार आणि राजगुरू यांचा कुपगलच्या उत्खननाचा अहवाल १९६६चा. त्याच संस्थेच्या के. पद्दय्या यांनी पुढे बुदिहाळला ढिगाऱ्याशेजारची वस्ती खणली, आणि राखेच्या कडेला घरं, गोठा आणि जनावरं कापण्याची जागा निघाली. शेण मुद्दाम का जाळलं, सणासाठी की साफसफाईसाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.