सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगणे : छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात व जिल्ह्यात बंदूक, पिस्तूल, तलवार इत्यादी शस्त्रे घेऊन वावरण्यावर असलेली कायदेशीर बंधने.  भारतात शस्त्रे, अग्निशस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (नोंद ५) असल्याने मूळ कायदा केंद्राचा आहे : शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) आणि शस्त्र नियम, २०१६. परवाने, तपास आणि मनाई आदेश ही कामे राज्याच्या यंत्रणेकडे आहेत.

परवाना : अग्निशस्त्रासाठी कलम ३ नुसार परवाना लागतो. अधिनियमातील व्याख्येप्रमाणे पोलीस आयुक्त नेमलेल्या क्षेत्रात ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्त. शहरात १९९१ पासून आयुक्तालय असल्याने तेथील अर्ज आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागातील अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे (तेथील जिल्हा दंडाधिकारी) जातात. निर्णयापूर्वी पोलीस अहवाल मागवला जातो आणि नकाराविरुद्ध अपील करता येते. अर्जदार सामान्यतः २१ वर्षांचा असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

वावरताना : परवाना मिळाला म्हणजे शस्त्र मिरवण्याची मुभा मिळाली असे नव्हे. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि झाकलेले असावे लागते. ते उगारणे वा हवेत बार काढणे निषिद्ध आहे. शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो (कलम १९). लग्न, वरात अशा प्रसंगी निष्काळजीपणे गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

धारदार शस्त्रे : कलम ४ खाली अधिसूचित क्षेत्रात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांनाही परवाना लागतो. घरकाम, शेती वा उद्योगातील अवजारे यातून वगळली आहेत. विळा-कोयत्यासाठी कोणी परवाना मागत नाही. मे २०१८ मध्ये शहरात झालेल्या दंगलीनंतर त्याच महिन्यात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी व चाकू पोलिसांनी जप्त केले होते.

मनाई आदेश : राज्याचा प्रत्यक्ष अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधून येतो. कलम ३७(१) नुसार शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी बंदुका, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या-काठ्या घेऊन फिरण्यास बंदी करू शकतात. असा आदेश अधिकाऱ्याला आवश्यक वाटेल तितक्या काळासाठी काढता येतो. सण, मोर्चे व आंदोलनांच्या काळात तो वारंवार निघतो. भंग केल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद होते. विशेष कारण नोंदवल्याखेरीज ती चार महिन्यांहून कमी नसते. काठीला परवाना लागत नाही, तरी या आदेशाच्या काळात ती घेऊन फिरणे गुन्हा ठरू शकते.

निवडणुका : आचारसंहितेच्या काळात छाननी समिती परवानाधारकांची प्रकरणे तपासते आणि आवश्यक तेथे शस्त्रे जमा करण्यास सांगितले जाते.

विनापरवाना शस्त्रे : गावठी कट्टा किंवा अन्य विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ पासून दोन ते पाच वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्यांसाठी शिक्षा अधिक कडक आहे. मे २००६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने उघडकीस आणलेल्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात एके-४७ रायफली, काडतुसे व आरडीएक्स जप्त झाले. त्या खटल्यात मुंबईच्या विशेष मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम) न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये १२ आरोपींना दोषी ठरवले.