बसऱ्याहून आलेली लस

अब्बांच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण होते. लहानपणी मी त्यांवर बोट फिरवायचो. नेकनूरच्या त्या पिढीत बहुतेकांच्या दंडावर ते दिसत. ही लस आपल्या मुलखात आली कशी, हे वाचायला बसलो तेव्हा वाट निघाली थेट बगदादेतून.

एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये इंग्लंडमध्ये गोदेवीची लस टोचून पाहिली. पण आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांवर ती टिकेना, वाटेतच निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. जाँ द कारोंनी पाठवलेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी आली आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला. (देवी टोचून घेण्याची जुनी रीत इंग्रज बाई लेडी माँटेग्यूंनी याच कॉन्स्टँटिनोपलात पाहिली होती आणि 1718 मध्ये स्वतःच्या मुलाला तिथेच टोचून घेतले होते. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र गोष्ट जेन्नरपासूनच सुरू होते.)

14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली आणि ती लागली. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव आणखी पाच मुलांना टोचला. तिथून पुणे, सुरत, हैदराबाद. आपला बीड भाग तेव्हा निजामाच्याच राज्यात.

दंडावरून दंडावर जाणारी ही लस कोठारात कुलूप लावून ठेवता येत नव्हती. आठवड्याभरात ती पुढच्या माणसाला दिली नाही, तर देणाऱ्याकडेही उरत नसे. तो काळ दयाळू होता असे मात्र नाही. लस जिवंत ठेवायला 1803 मध्ये स्पेनने 22 अनाथ मुले जहाजावर चढवून अमेरिका खंडाकडे पाठवली. त्या मुलांना कोण विचारणार?

आता लस बाटलीत, शीतपेटीत राहते. म्हणजे अडवताही येते. 24 फेब्रुवारी 2021 रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून 6 लाख डोस घानाला पोहोचले. गरीब देशांसाठी उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेतली ती पहिलीच खेप. महिन्याभरात आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली, ती कोव्हॅक्ससाठी नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. पुण्यावर विसंबलेले आफ्रिकेतले देश ताटकळले. श्रीमंत देशांनी तर आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आधीच राखून ठेवले होते.

खरे सांगतो, निर्यात थांबल्याची बातमी वाचून मला बरे वाटले होते. तो रमजान आठवतो. रोज्यात लस घेतली तर चालते का, असे लोक विचारत होते, आणि मी अम्मीच्या दुसऱ्या डोससाठी केंद्रावर हेलपाटे घालत होतो. घानातही कुणी आपल्या आईसाठी असाच रांगेत असेल, हे तेव्हा माझ्या मनात आले नाही.

20 मे 2025 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने महासाथीचा करार मंजूर केला. पुढच्या साथीत सहभागी कंपन्यांनी तयार होणाऱ्या लशींपैकी 20 टक्के जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्याव्यात, आणि एकूण उत्पादनाच्या निदान 10 टक्के फुकट, असे त्यात ठरले. जंतूंचे नमुने कोणी द्यायचे आणि बदल्यात लस कशी मिळायची, हे सांगणारे परिशिष्ट मात्र त्या दिवशी पुढच्या वाटाघाटींवर ढकलले गेले. अमेरिका त्या बैठकीत नव्हतीच.